धोपाटण्याचा दुसरा फटका

आमच्या जव्हारच्या घराच्या ओटीवर, दाराच्या डाव्या हाताला, लाकडी खुंट्यांची एक लांब रांग होती. इतरांच्या ओटीवर अशा खुंट्यांना टोप्या, छत्र्या, फार तर एखादी पिशवी असायची. आमच्याकडे कोर्टाच्या तारखेच्या दिवशी कोयते असायचे. माझे वडील, म्हणजे अण्णा, जव्हारच्या कोर्टात वकिली करत. त्यांचे पक्षकार खोडाळ्याकडून, सूर्यमाळच्या पाड्यांवरून, कुठून कुठून अंधारात निघून यायचे आणि येताना कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीत कोयता असायचाच. त्यात दांडगाई काही नसे. डोंगरातला माणूस कोयत्याशिवाय घराबाहेर पडला तर त्याला चप्पल विसरल्यासारखं वाटायचं. पण एकदा अण्णांचा एक पक्षकार तसाच कोर्टात शिरला, शिपाई किंचाळला, साहेब खुर्चीतून उठले, आणि त्या दिवसापासून अण्णांनी नियम केला की कोयता आधी आमच्या ओटीवर टांगायचा, मग कोर्टाची पायरी चढायची. कोयत्याबरोबर गाठोडं, काठी, कधी कुणाची कोंबडीसुद्धा ठेवायला यायची. मागचं दार उघडंच असे. ज्याला तहान लागेल त्यानं मागनं यावं, पडवीतल्या माठातलं पाणी प्यावं, हाक मारली तर ठीक, नाही मारली तरी ठीक.

या सगळ्यावर राज्य आत्याचं. द्वारका तिचं नाव, पण गावाला ती आत्या, आणि पाड्यांवरच्या लोकांना आत्याबाई. अण्णांची थोरली बहीण. लहान वयात नवरा गेला, भावाकडे आली आणि आल्या दिवशीच स्वयंपाकघर ताब्यात घेतलं म्हणतात. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा आत्यानं तिला सांगितलं, "तू बाकीचं सगळं घर घे, चूल माझी." आईनं ते आनंदानं मान्य केलं, कारण आईला वाचायला वेळ हवा असायचा आणि आत्याच्या हाताला चव होती. नागलीची भाकरी ती अशी थापायची की पापुद्रा टम्म फुगून वर यायचा. खुरसणीची चटणी, वरईचा भात, आणि उन्हाळ्यात कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची भाजी. या भाजीचा वास आला की पलीकडच्या आळीतली माणसं उगाच अण्णांकडे कायद्याचा सल्ला विचारायला येत. तोंड मात्र विचारू नका. दिवसभर बडबड, अर्धी देवाशी आणि अर्धी आमच्याशी, आणि कुठली कुणाशी ते ज्याचं त्यानं ओळखायचं.

कुयरी चिरायला आमची विळी कधीच पुरी पडली नाही. त्यामुळे फणसाच्या दिवसांत आत्या सरळ ओटीवर जायची, टांगलेल्या कोयत्यांवरून बोट फिरवायची, धार बघून त्यातला सर्वांत चांगला निवडायची आणि आत घेऊन यायची. कुणाचा आहे, त्याला विचारावं, असलं काही तिच्या मनाला शिवायचंही नाही. आई म्हणायची, "अहो ताई, त्यांना विचारा तरी." त्यावर आत्या म्हणायची, "दोन मिनिटं चिरलं तर झिजणार आहे का तो? आणि माझ्या माठातलं पाणी पितात, तेव्हा मला विचारतात?" हिशेब तिचा चोख होता.

अण्णांची आणखी एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढच्या गोंधळाला निम्मी तीच जबाबदार. फाटकी बंडी घालून माणूस कोर्टात उभा राहिला की साहेबाचं मत आधीच अर्धं बनतं, असं त्यांना वाटे. म्हणून ते आपले जुने सदरे पक्षकारांना देत. हे सगळं आत्याच्या नकळत चाले, दाराआड, कारण त्या सदऱ्यांना ठिगळं तिनं लावलेली असत आणि तिच्या मते ते सदरे अजून दहा वर्षं चालण्याजोगे होते. "सदरा कुठं गेला रे बाळ्या?" असं तिनं विचारलं की अण्णा वर्तमानपत्रात तोंड घालत. कोर्टात भल्याभल्यांना उलटतपासणीत रडवणारा हा माणूस बहिणीपुढे असा मांजर व्हायचा.

त्या उन्हाळ्यात अण्णांकडे लहानूचा खटला होता. लहानू सूर्यमाळच्या वरच्या एका पाड्यावरचा. सडसडीत, कमी बोलणारा, हसला की नुसते डोळे हसायचे. प्रकरण असं होतं: एका संध्याकाळी शेजारच्या पाड्यावरचा काळू लहानूच्या घरात शिरला. त्या घरांत शेळ्या माणसांबरोबर आतच बांधतात. त्यानं शेळीचा दोर सोडला, लहानूची बायको आडवी आली तर तिच्यावर कोयता उगारला. तेवढ्यात लहानू आला, त्यानं काठी हाणली. काळूचा गुडघा मोडला, तो कायमचा लंगडा झाला, आणि फिर्याद झाली ती लहानूवर, गंभीर दुखापतीची. काळूचं म्हणणं, मी तर इस्तू मागायला गेलो होतो. इस्तू म्हणजे विस्तव. चूल विझली की शेजाऱ्याकडनं निखारा आणायची तिकडची रीत. लहानूचं म्हणणं, येकच फटका मारला, घरातच मारला, आनि त्याच्या हातात कोयता व्हता. शेळीची तक्रार त्यानं कधी केलीच नव्हती. शेळी घरात आहे म्हटल्यावर तक्रार कसली करायची, असं त्याला वाटलं.

अण्णांची तयारी करण्याची पद्धत अशी की अख्खं घर कामाला लागे. रात्रीची जेवणं लवकर उरकून माजघरात खटला उभा राहायचा. आई भिंतीला टेकून तांदूळ निवडता निवडता मॅजिस्ट्रेट व्हायची. लहानू अण्णाच. आत्या काळू. आणि मी, तेरा-चौदा वर्षांची घोडी, शेळी. आत्या मला काखोटीला मारून दाराकडे निघायची, अण्णा लाटणं घेऊन धावायचे, आणि बरोबर उंबऱ्यापाशी ओरडायचे, "थांबा! इथं. फटका बसला तेव्हा काळू उंबऱ्याच्या आत होता की बाहेर?" आत्या म्हणायची, "आत, आत. आणि मला लागलं रे मेल्या." मॅजिस्ट्रेट तांदळातला खडा काढून म्हणायच्या, "बरं, पुढे?" मला ती शेळीपणाची एवढी गोडी लागली की मी मध्येच बें बें करायची आणि कोर्टाचा अवमान केल्याबद्दल आई मला आत पाठवायची. अजूनही हसू येतं. अण्णांच्या दृष्टीनं त्या खटल्यात उंबऱ्याला महत्त्व होतं, कारण काळू पळत होता की चालून येत होता हे त्यावरून ठरणार होतं. आत्याच्या डोक्यात मात्र त्या सगळ्या रात्रींमधून एकच गोष्ट पक्की बसली: माणूस उंबऱ्याच्या आत असेल तर मारलेलं माफ, बाहेर असेल तर तुरुंग.

त्या दिवशी लहानूची तारीख होती. सकाळी तो आला, कोयता टांगला, आणि अण्णांनी दाराआड त्याला आपला निळ्या रेघांचा सदरा दिला. ते कोर्टात गेल्यावर आत्यानं कुयरीसाठी कोयता निवडला, तो नेमका लहानूचा, आणि चिरून झाल्यावर चुलीजवळच ठेवून दिला. मग धुण्याचा पिळा उचलून ती मागच्या विहिरीवर गेली. आई आणि मी माजघरात नागलीचे पापड उन्हातून आणून रचत होतो. अंगण आत्यानं सकाळीच शेणानं सारवलेलं, अजून ओलसर होतं. विहिरीवरून धोपाटण्याचा ठप ठप आवाज येत होता आणि त्याच्या तालावर आत्याची बडबड.

कोर्टात साहेबांना वेळ झाला नाही, पुढची तारीख पडली, आणि लहानू दुपारची एसटी गाठायला घाईनं परत आला. ओटीवर बघतो तर कोयता नाही. त्यानं हाक मारली म्हणे, पण लहानूची हाक म्हणजे दुसऱ्याला खोकला वाटावा अशी. तो वळसा घालून मागे गेला, पाणी प्यायला, आणि मागच्या दारातून त्याला चुलीपाशी आपला कोयता दिसला. तो आत गेला आणि त्यानं तो उचलला. एवढाच त्याचा गुन्हा. त्याच क्षणी आत्या धुणं संपवून, हातात धोपाटणं घेऊन, रणरणत्या उन्हातून अंधाऱ्या स्वयंपाकघराच्या दारात आली. तिला दिसलं ते हे: घरात पुरुष, हातात कोयता, आणि तो आपल्याच दिशेनं येतोय. तो बिचारा बाहेर पडायला येत होता, पण दारात तीच उभी.

पहिला फटका मी ऐकला. पाठोपाठ कोयता फरशीवर पडल्याचा खणखणाट. आई आणि मी पापड टाकून धावलो, तर लहानू वाकून आत्याच्या बाजूनं निसटला होता आणि अंगणातून पळत होता. दुसरा फटका मी डोळ्यांनी पाहिला. आत्या वळली, दोन ढांगांत त्याला गाठलं आणि दोन्ही हातांनी धोपाटणं उचलून त्याच्या पाठीत घातलं. घालताना ओरडली, "माझ्या बाळ्याचा सदरा!" तो पुढं झेपावला आणि धुण्याच्या दगडावर खांद्यावर आपटला. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मग त्यानं मान वळवून, एखाद्याला चुकून धक्का लागल्यावर आपण बोलतो ना, तसं म्हटलं, "आत्याबाई, मी लहानू."

"अगं बाई गं!" आत्याच्या हातातून धोपाटणं गळून पडलं. ती त्याच्याजवळ बसली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "लहानू? अरे माझ्या कर्मा, तू का रे पळालास?" "तुमी मारत व्हता म्हनून," लहानू म्हणाला. तो घामानं निथळत होता, ओठ पांढरे पडले होते. आई म्हणाली, त्याला हलवू नका. पण आत्यानं एकदा अंगणाकडे बघितलं, एकदा दाराकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर ते माजघरातलं कोर्ट उभं राहिलेलं मला स्पष्ट दिसलं. "आत घ्या त्याला," ती म्हणाली. "उंबऱ्याच्या आत घ्या आधी. वहिनी, पाय धर." आई नको नको म्हणत होती आणि पाय धरतही होती. आत्यानं काखेत हात घालून, ओल्या सारवणातून खेचत, लहानूला स्वयंपाकघरात नेलं. त्यानं दात घट्ट आवळले होते पण हूं की चूं नाही केलं. आत नेल्यावर तिनं त्याच्या डोक्याखाली उशी दिली, हळद लावली, पाणी पाजलं आणि मला म्हणाली, "शकू, पळ, बाळ्याला बोलाव. म्हणावं सगळं आत झालंय."

अण्णा काळा कोट तसाच घालून धावत आले. मागच्या अंगणात येऊन थबकले. सारवणावर सगळं उमटलं होतं: पळती पावलं, आत्याची पावलं, दगडाजवळचा राडा, आणि तिथून दारापर्यंत दोन टाचांच्या लांब रेघा. ते बघून आत आले, लहानूच्या खांद्याला हळूच हात लावला, आणि भिंतीला टेकून खालीच बसले. "ताई," ते म्हणाले, "इतक्या साऱ्या रात्री आपण ते नाटक केलं, आणि तुला त्यातून हेच कळलं?"

"मग आत की बाहेर, आत की बाहेर, कोण ओरडत होतं?"

"अगं, कायदा उंबऱ्याला विचारत नाही! तो तुला विचारतो, की त्या क्षणी तुझ्या जिवाला धोका होता का. अंधारात अनोळखी माणूस कोयता घेऊन समोर आला, तू मारलंस. तो लहानू निघाला, कोयता त्याचाच निघाला, तरी कायदा तुझ्या बाजूनं उभा राहील, कारण तू खरोखर भ्यालीस. पण कोयता पडला, तो पाठ फिरवून पळाला, तिथं धोका संपला. मग तो तुझ्या स्वयंपाकघरात असो नाही तर देवघरात असो. आणि पडलेल्या माणसाला ओढून आत आणणं म्हणजे तर, ताई, केलेलं लपवणं."

आत्यानं लहानूच्या डोक्याखालची उशी सारखी केली. मग कधी नव्हे त्या खालच्या आवाजात म्हणाली, "पहिला भ्याले म्हणून मारला रे. दुसरा राग आला म्हणून. तुझा सदरा दिसला, माझं ठिगळ दिसलं, आणि माझं डोकंच फिरलं." अण्णांनी मान खाली घातली. सदरा कुणी दिला होता हे सांगायची ती काही वेळ नव्हती, पण त्यांनी सांगितलं. आत्या त्यांच्याकडे असं बघत राहिली की मला वाटलं आता तिसराही फटका बसतो.

सरकारी दवाखान्यात लहानूचं हंसळीचं, म्हणजे गळ्याखालचं, हाड मोडलेलं निघालं. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला, आणि नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं. जमादार जबाब घ्यायला येणार म्हटल्यावर अण्णांनी आत्याला बजावलं की तू एक शब्द बोलू नकोस. आत्या आत गेली आणि गाठोडं बांधून आली. त्यात एक लुगडं, जपमाळ आणि लोणच्याची बरणी. "तिथं लोणचं देत नसतील," ती म्हणाली. जमादार ओटीवर टेकले न टेकले तोच तिनं सांगून टाकलं, "मी मारलं. दोन मारले. एक आत, एक बाहेर. आणि मग ओढून आत आणला, ते माझ्या मूर्खपणानं." अण्णांनी कपाळाला हात लावला. जमादार गांगरले; त्यांनी अनेकदा या घरची कुयरीची भाजी खाल्ली होती. "आत्या," ते म्हणाले, "घरात घुसलेल्याला मारलंत, असंच ना?" "घुसला नव्हता," आत्या कडाडली. "तो कधीही येतो तसा आला होता." मग त्यांनी लहानूला विचारलं. लहानूनं एकदा आत्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आत्याबाईचा पयला बरोबर व्हता. दुसरा जास्त झाला. पन माजी तक्रार नाय." जमादारांनी तेवढंच लिहून घेतलं आणि लहानूचा अंगठा घेतला. गाठोडं सुटलं, लोणच्याची बरणी परत फळीवर गेली.

लहानू मग आमच्याकडेच राहिला, कारण आत्यानं त्याला हलूच दिलं नाही. राब भाजायचे, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजायचे दिवस होते, एका हातानं तो तरी काय करणार होता. पाड्यावरच्यांनी मिळून त्याचा राब भाजून दिला, असा त्याच्या बायकोचा निरोप आला. उजवा हात गळ्यात म्हणून आत्या त्याला भाकरी कुस्करून द्यायची, पहिल्या एकदोन दिवशी तर घाससुद्धा भरवले. त्या काळातली सोवळ्यातली बाई ती. आळीतल्या बायका काय बोलल्या ते मला माहीत आहे, आणि आत्यानं त्यांना काय उत्तर दिलं तेही, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. लहानू लाजून चूर व्हायचा. "आत्याबाई, माजा डावा हाय ना." "डाव्यानं जेवतात का रे? खा गुपचूप." त्या घरात मला आठवतात ते सर्वांत सुखाचे दिवस तेच, असं म्हटलं तर माझ्या मुलाला नवल वाटतं.

एका संध्याकाळी मागच्या पडवीत, स्वयंपाकघराच्या दाराशी, अण्णा खटल्याची पुन्हा उजळणी करत बसले होते. पुढच्या तारखेला आरोपीचा जबाब व्हायचा होता. "साहेब विचारतील, किती फटके मारलेस? तू काय सांगशील?" लहानू नेहमी चटकन म्हणायचा, येकच, सायेब, घरात. त्या दिवशी तो बांधलेल्या हाताकडे बघत राहिला. आत चुलीपाशी आत्या भाकरी थापता थापता थांबली. मग लहानू म्हणाला, "वकीलसायेब, मी पन दुसरा मारला व्हता."

अण्णांनी मान वर केली.

"पयला घरात मारला, त्याच्या हातावर. कोयता पडला. शेळी सोडून तो पळाला. मी मागनं गेलो, अंगनात त्याच्या पायावर घातली. गुडगा त्यानंच गेला." मग तो म्हणाला, "तवा मना वाटलं, चोर हाय, लागूंदे. आता मना पाठीवर लागलं तवा कळलं. पुढून लागतो तवा मानूस बघतो तरी. पाठीवर लागतो तवा कोन मारतो ते पन दिसत नाय."

चुलीवरची भाकरी करपली, तिचा वास आला, आणि आत्यानं ती उलटलीही नाही. अण्णा म्हणाले, "लहानू, हे मला कळल्यावर मी कोर्टात 'एकच' म्हणू शकत नाही. दुसरा कबूल केलास तर शिक्षा होऊ शकते. तुरुंग होऊ शकतो. तुझं शेत आहे, बायको आहे, पोरं आहेत. तू विचार कर." लहानू म्हणाला, "तुमी जबाबात लिवा, सायेब. आत्याबाईनं जमादाराला सांगलं तवा मी बघत व्हतो." अण्णा उठून आत गेले आणि आतल्या अंधारात उभे राहिले. मला वाटतं ते रडले. वकिलाला असला पक्षकार मिळणं हे भाग्य म्हणायचं की संकट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तारखेच्या दिवशी आत्या सकाळी लवकर तयार झाली. "मी येणार," ती म्हणाली, आणि तिला नको म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. निघताना तिनं एक गोष्ट केली. लहानूनं आपला कोयता खुंटीवर टांगला, तर ती मागे जाऊन धोपाटणं घेऊन आली आणि त्याच्या शेजारच्या खुंटीवर टांगलं. अण्णांनी बघितलं आणि कोट घातला.

मी आईबरोबर मागच्या बाकावर बसले होते. काळू काठी टेकत आलेला, बाजूला उभा होता. साहेबांनी लहानूला विचारलं, किती फटके मारले. "दोन." कोर्टात कुजबुज झाली. साहेबांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा ताठ उभे होते. "दुसरा का मारला? तो पळत होता ना?" लहानू म्हणाला, "पयला भ्यायलो म्हनून मारला. दुसरा राग आला म्हनून." आणि आमच्या बाकावरून आत्या उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझंही तसंच झालं, साहेब!"

शिपाई ओरडला, गप्प बसा. साहेबांनी अण्णांना विचारलं, या बाई कोण? अण्णा म्हणाले, "माझी थोरली बहीण, साहेब. हिनं नुकतंच माझ्या पक्षकाराचं हाड मोडलंय." साहेबांना काही कळेना. त्यांनी लहानूच्या गळ्यातल्या पट्टीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि तोंडावर कागद धरला. हसले असावेत.

पण खरं घडलं ते त्यानंतर. काळू इतका वेळ जमिनीकडे बघत होता. कुणी विचारलं नसताना तो म्हणाला, "सायेब, मी इस्तू मागाया गेलो नव्हतो." त्याचा वकील त्याला ओढत होता तरी तो बोलत राहिला. घरात दाना नव्हता, शेळी न्यायची व्हती, त्याच्या बायकोवर कोयता उगारला ते पन खरं. गंभीर दुखापतीचा खटलासुद्धा, ज्याला लागलं त्याची तयारी असेल आणि कोर्टानं परवानगी दिली, तर आपसात मिटवता येतो. साहेबांनी काळूला विचारलं, मिटवायचंय का? काळूनं लहानूकडे पाहिलं. लहानूनं त्याच्या मोडक्या पायाकडे पाहिलं. "मिटवतो," काळू म्हणाला. साहेबांनी परवानगी दिली आणि लहानू सुटला. दाराबाहेर आल्यावर त्यानं बांधलेला हात दुसऱ्या हातात घट्ट धरला आणि पायरीवर बसून राहिला.

आता कलमांचे आकडे बदलले, कायद्याचं नावही बदललं, पण माझा वकील भाचा सांगतो की आत तेच आहे: धोका असेपर्यंत, आणि धोक्याच्या मानानं. माझ्या मुलानं ठाण्याच्या घराला कॅमेरा लावलाय आणि दाराआड क्रिकेटची बॅट ठेवलीय. परवा नातू विचारत होता, आजी, चोर आला तर मारायचं ना? मी म्हटलं, मारायचं की रे, भीती वाटली तर मारायचंच. मग मी त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. त्यानं सगळ्यात जास्त काय विचारलं असेल, तर शेळी कशी ओरडायची.

त्या दिवशी कोर्टातून आम्ही सगळेच घरी आलो, काळूसुद्धा, कारण आत्यानं त्याला वाटेत गाठून सांगितलं की जेवल्याशिवाय एसटीत चढलास तर बघ. त्यानंही वाटेत आपल्या वकिलाकडून घेतलेला कोयता ओटीवर टांगला. दोघं माजघरात भिंतीला टेकून बसले, एकाचा हात गळ्यात, एकाचा पाय लांब पसरलेला, आणि एकमेकांकडे न बघता पावसाआधीच्या कामाचं बोलू लागले. कुयरी आणलेलीच होती. आत्या सवयीनं ओटीवर गेली, बोट फिरवत लहानूच्या कोयत्यापाशी थांबली, आणि मग तशीच, हात न लावता, आत आली. उंबऱ्यात उभी राहिली.

"लहानू," ती म्हणाली, "तुझा कोयता घेऊ का रे?"

लहानूनं वर पाहिलं. त्याचे डोळे हसले. "घ्या की, आत्याबाई. पन मी तवर अंगनात जाऊन बसतो."

काळूसकट सगळे हसले. आत्या मात्र हसली नाही. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "बस रे आत. तुझंच घर आहे."